पुलाखाली उभे राहिलेले खानझोडे

रायपूरला खारून नदीच्या काठी जो मराठी पारा, म्हणजे मोहल्ला, आहे, तिथं कुणाला पत्ता सांगायचा झाला तर लोक 'पूलवाल्या काकांच्या घरापासून डावीकडे' असं सांगतात. हे पूलवाले काका म्हणजे दिवाकरराव खानझोडे. वय सत्तरीच्या पुढं, छाती आत गेलेली, पण पुलाचा विषय निघाला की ती आपोआप बाहेर येते. नदीवरचा तो काँक्रीटचा पूल, ज्याच्या एका अंगाला रेल्वेचा रूळ आणि त्याला लागूनच मोटारींचा रस्ता, तो पूल आपण बांधला असं त्यांचं म्हणणं. इंजिनिअर, ठेकेदार, मजूर आणि सरकार ही मंडळी त्या वेळी तिथं हजर होती, एवढं ते मोठ्या मनानं मान्य करतात.

खरं पाहिलं तर या माणसानं आयुष्याची तीसेक वर्षं पंडरीच्या कापडबाजारात एका शेठच्या गादीशेजारी बसून लट्ठा आणि पॉपलिनची आवकजावक लिहिण्यात घालवली. पुलावर त्यांची नोकरी जेमतेम तीन वर्षांची, तीही ठेकेदाराच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून. पण पॉपलिनबद्दल त्यांच्या तोंडून कुणी अवाक्षर ऐकलेलं नाही. ज्या कामानं पोरं शिकली, घर चाललं, त्या कामाची माणसाला इतकी लाज वाटावी आणि जे काम पुरतं केलंही नाही त्याचा इतका माज असावा, हे मला कधी उलगडलेलं नाही.

रोज संध्याकाळी ते पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहत. उरल्याच्या कारखान्यांतून सळया लादून येणारे ट्रक तिथूनच जात. दिवाकरराव हात वर करून ओरडत, "धीरे, भैया, धीरे! हमारा पुल है!" ड्रायव्हर खिडकीतून "हव कका!" म्हणे आणि ट्रक आणखी जोरात काढे. मग दिवाकरराव शेजारच्याला सांगत, "पाहिलं? आपल्याले ओळखतात सगळे."

या सगळ्या मोठेपणाचा पाया मात्र एकाच गोष्टीवर होता. ती गोष्ट अशी: पूल बांधून झाल्यावर त्याच्यावरून पहिलं इंजिन जाणार होतं. अशा वेळी पूल बांधणाऱ्यानं पुलाखाली उभं राहायचं, म्हणजे काम चोख आहे याची तीच ग्वाही, असा एक रिवाज आहे म्हणतात. सगळे मागे सरले, कुणाची हिंमत होईना. तेव्हा दिवाकरराव खानझोडे आपल्या नव्या नवरीचा हात धरून खाली उतरले, तिसऱ्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि डोक्यावरून इंजिन धडधडत गेलं. ही गोष्ट त्यांनी मंडळाच्या गणपतीत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, दहाव्याला जमलेल्या लोकांनाही सांगितली. पुढंपुढं त्या गोष्टीत विजयाबाईंच्या अंगावर हिरवं नऊवारी आलं, मग हातात पूजेचं ताट आलं.

यातलं खरं एवढंच की इंजिन गेलं होतं. पुलाखाली उभे राहिले होते ते मोठे साहेब, म्हणजे मुख्य इंजिनिअर, एकटेच, खिशात हात घालून. ते केव्हाच वारले, त्यामुळे त्यांची हरकत यायचा प्रश्न नव्हता. दिवाकरराव त्या दिवशी खिळे आणायला म्हणून दुर्गला गेले होते. गोदामात खिळे भरपूर होते. आणि विजयाबाई पहिल्या संक्रांतीसाठी माहेरी, चांदूरला, तीळ भाजत बसल्या होत्या.

नवऱ्याच्या तोंडून त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती चारचौघांत. शेजारच्या बाईनं विचारलं, "अन् तुले भेव नाई वाटलं, बाई?" विजयाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवरा छताकडं पाहत होता. नवीन संसार, परका मुलूख, चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं! त्यांनी मान हलवली. एकदा हलवलेली ती मान मग चाळीसेक वर्षं हलवावी लागली. पुलावर गाडीचा आवाज झाला की आताशा त्या हातातलं काम थांबवून क्षणभर बसून राहत, पण त्याचं कारण त्यांना कुणी विचारलं नाही.

पूल जुना झाला तसा तो दुरुस्तीसाठी बंद ठेवला. वर्षभर लोकांनी लांबून वळसा घेतला आणि सरकारला शिव्या दिल्या. दिवाकररावांनी तेवढं वर्षभर शोक पाळला. अखेर काम संपलं, तपासण्या झाल्या आणि उन्हाळ्यात पूल पुन्हा सुरू करायचं ठरलं. त्याबरोबर मराठी मंडळाचे सचिव अच्युतराव डांगे दारात हजर झाले. अच्युतरावांचा जीव माईकमध्ये. गावात कुठं काही उघडायचं, बंद करायचं किंवा जाळायचं असलं की ते माईक घेऊन आधी पोचत.

"दिवाकरराव, नाई म्हणू नोका," बसायच्या आतच ते म्हणाले. "पुलाचा कार्यक्रम आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. तुमच्याशिवाय आहे कोण दुसरं?"

दिवाकररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "आता काय बोलायचं, अच्युतराव," ते म्हणाले. "आपण केलं ते केलं. सत्कारासाठी थोडीच केलं?" आणि लगेच शालीचा रंग विचारला.

"अन् ऐका," अच्युतराव पुढं सरकले. "पहिली मालगाडी जाईन ना, तव्हा तुम्ही अन् वहिनी तसेच खाली उभे राहा. तिसऱ्या खांबाले पाठ लावून. सध्या नदी सुकलीच आहे, वाळूत उभं राहाता येते. पेपरवाले येऊन राहिले. काय दिसन ते!"

दिवाकररावांनी चहाची बशी खाली ठेवली. "विजयाचे गुडघे दुखतात," ते म्हणाले.

"कोण म्हणते?" आतून आवाज आला. विजयाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. "मी येते, भाऊजी."

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारा नुसता भित्रा होता. भित्रा तो होताच. पण त्याच्या भिण्याला कारणही होतं. पूल बांधत असताना त्या पाऱ्यात 'सांडलेलं सिमेंट' नावाचा एक प्रकार चाले. गोदामातून पोती काढताना एखादं पोतं फाटे. फाटलेल्या पोत्यातलं सिमेंट सांडे. आणि जे सांडलं ते कुणाचंच नसल्यामुळे घरी न्यायला हरकत नसे. गंमत अशी की पोती नेमकी रविवारी फाटत आणि नेमकी कुणाच्यातरी ओट्यासमोर सांडत. पाऱ्यातलं प्रत्येक तुळशीवृंदावन, प्रत्येक मोरी, खुद्द मंडळाचा गणपतीचा चौथरा त्या सांडलेल्या सिमेंटचा. घेणाऱ्यांत सगळे सभ्य लोक होते. चोरी हा शब्द कुणी उच्चारला असता तर त्याला मंडळातून काढलं असतं.

पण गोदामातलं पोत्यांचं गणित जुळवणं भाग होतं. गोदामाच्या मागं, खड्डे बुजवायला म्हणून वीजघरातून आणलेली करडी राख पडली होती. दिसायला सिमेंटच. दिवाकररावांनी रिकाम्या पोत्यांत थोडं सिमेंट, थोडी राख असं भरून तोंडं शिवली, आणि तो सगळा माल तिसऱ्या खांबात गेला. त्या दिवशी दुर्गला खिळे आणायला ते याच्यासाठी गेले होते. आपण इथं असताना पूल पडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यानंतर जेव्हा जेव्हा ती बहादुरीची गोष्ट ते सांगत, तेव्हा त्यांच्या तोंडात तिसराच खांब येई. खांब तर बरेच होते. पण मनाला जे टोचतं तेच जिभेवर येतं, त्याला इलाज नाही.

त्यात त्यांचा आणखी एक समज होता, आणि तो त्यांच्या स्वभावाला शोभणारा होता. एवढा मोठा पूल, त्याच्यावरून रोज शेकडो ट्रक आणि लोखंडानं भरलेल्या मालगाड्या, आणि हे सगळं आपल्या चार पोत्यांवर लटकलेलं आहे असं त्यांना मनापासून वाटे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझी चोरी केवढी आणि पूल केवढा! दिवाकररावांना आपली चोरीसुद्धा लहान आहे असं वाटणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पुलाच्या दुरुस्तीवरच्या इंजिनिअरला भेटायला गेले. ती बिलासपूरची एक मराठी मुलगी, देवश्री. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीत येई.

"मॅडम, मी जुना माणूस. मले सांगा, पुलाखाली माणसं उभी करणं नियमात बसते का?" दिवाकररावांनी अगदी जबाबदार चेहरा केला. "उद्या काही झालं तं तुमच्यावर येईन."

"काका, आप बिल्कुल टेन्शन मत लीजिए," देवश्री म्हणाली. "डबल लोड चलाकर टेस्ट कर लिया है. हेल्मेट पहन लीजिएगा, बस. मैंने आपकी स्टोरी सुनी है. आप तो हमारे हीरो हैं."

"तरी बी, नियम म्हणजे नियम."

"परमिशन मैंने खुद ली है, आपके लिए."

दिवाकररावांनी मनातल्या मनात तिला शिवी दिली आणि तोंडानं आशीर्वाद दिला.

मग घरी बायकोला वळवायचे प्रयत्न सुरू झाले. ऊन फार आहे म्हणाले. वाळूत साप असतात म्हणाले. एक दिवस तर त्यांना स्वतःलाच चक्कर यायला लागली, पण जेवायच्या वेळी ती थांबली. विजयाबाई शांतपणे हिरव्या साडीला फॉल लावत बसल्या होत्या. शेवटी दिवाकरराव खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, काहून हट्ट करून राहिली? लोकाइले काय, मजा पाहाले पाहिजे. आपण आजारी आहो म्हणून सांगू."

"तुम्ही सांगा. मी जाईन."

"तुले काय मिळन तिथं?"

विजयाबाईंनी सुई थांबवली. "चाळीस वर्षं झाले, मी खोटं सांगून राहिली. बायका विचारतात, पोरीबाळी विचारतात, नातीनं शाळेत भाषण केलं माह्यावर. आजी पुलाखाली उभी होती म्हणून. मी तिच्यासमोर बसून टाळ्या वाजवल्या. रात्री झोप नाई आली मले. एकदा उभी राहाते, म्हणजे मरताना तरी खरं होईन ते."

"अन् पूल पडला तं?"

"तुम्हीच बांधला ना?" विजयाबाई म्हणाल्या आणि पुन्हा टाके घालू लागल्या.

सांगायची वेळ असेल तर ती हीच होती. राखेचं सांगितलं असतं तर बाई थांबली असती, किंवा थांबली नसती, पण निदान जाणून गेली असती. दिवाकररावांनी तोंड उघडलं, आणि मग त्यांना ते मानपत्र आठवलं. ते उठले आणि पाणी प्यायला आत गेले. मला या माणसाच्या बढाया माफ करता येतात, सिमेंटही माफ करता येतं, कारण त्यात सगळा पारा सामील होता. पण ते पाणी प्यायला जाणं मला माफ करता येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी काठावर मांडव पडला. कर्णे थेट पलीकडच्या काठापर्यंत लावले होते. ट्रकवाले, दुधवाले, शाळेची मुलं, सगळे रस्त्यावर अडवून ठेवलेले. तेलीबांध्याकडच्या नव्या वस्तीतले लोक गाड्या घेऊन आले होते आणि मोबाईल वर धरून उभे होते. दिवाकरराव कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आले. चेहरा पांढराफटक पडला होता. अच्युतराव म्हणाले, "भावना दाटून आल्या."

शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्राचं वाचन झालं. त्यात 'सेतुपुरुष' असा शब्द होता. तो ऐकल्यावर दिवाकररावांच्या गालांवर थोडी लाली आली.

"आता काका-काकू खाली जातील," अच्युतरावांनी जाहीर केलं.

दिवाकररावांनी पटकन त्यांच्या हातातला माईक घेतला. "आधी मी दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. "विजया, तू हो पुढं. मी आलोच."

विजयाबाई पुढं झाल्या. देवश्रीनं त्यांच्या अंबाड्यावर पिवळं हेल्मेट बसवलं, ते काही नीट बसेना. एका हातानं हेल्मेट, दुसऱ्या हातानं निऱ्या धरून बाई काठाच्या पायऱ्या उतरू लागल्या. गुडघे खरंच दुखत होते. मध्ये एकदा थांबल्या, वर पाहिलं, पुन्हा उतरल्या. वाळूतून चालत तिसऱ्या खांबापाशी गेल्या आणि खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. वर दिवाकररावांचे दोन शब्द चालू होते. ते सिमेंटचे दिवस, ती थंडी, ते मोठे साहेब, आणि साहेबांनी आपल्या खांद्यावर ठेवलेला हात. अच्युतराव दोनदा खाकरले. दिवाकरराव आता पुलाच्या इतिहासात मागं मागं जाऊ लागले होते, कारण पुढं पायऱ्या होत्या.

तेवढ्यात लांबून शिट्टी आली. लोखंडानं भरलेली मालगाडी वळणावर दिसली आणि रूळ वाजायला लागले.

दिवाकररावांनी खाली पाहिलं. खांबापाशी हिरवा ठिपका आणि त्याच्यावर पिवळा ठिपका.

"थांबवा!" ते माईकमध्ये ओरडले. "गाडी थांबवा! त्या खांबात राख आहे! सिमेंट नाई, राख आहे त्यात! मी भरली, ह्या हातानं भरली! सिमेंट घरी नेलं आम्ही! सगळ्यांनी नेलं! अरे थांबवा कोणी! बायको आहे माही खाली!"

दोन्ही काठांवर ते खणखणीत ऐकू गेलं. मांडवातल्या पहिल्या रांगेतले जुने लोक एकदम आपापल्या पायांकडं पाहू लागले. कुणीतरी हसलं. गाडी काही थांबली नाही. मालगाडीला माईक ऐकू येत नाही. ती पुलावर चढली, पूल घुमला, डबे एकामागून एक, एकामागून एक गेले, आणि दिवाकरराव कठड्याला धरून "थांबवा, थांबवा" म्हणत राहिले. शेवटचा डबा पलीकडं गेला. खांब होता तिथंच होता. विजयाबाईही होत्या तिथंच होत्या.

दिवाकरराव घामानं भिजले होते. एवढी मोठी गोष्ट आपण सांगून बसलो आणि काहीच पडलं नाही, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

देवश्रीच पहिल्यांदा बोलली. तिनं दुसरा माईक घेतला आणि ती हसत होती. "काका, आजकल तो हम लोग खुद राख मिलाते हैं. उससे काँक्रीट और पक्का होता है. और एक बात बताऊँ? सारे खंभों के सैंपल निकाले थे हमने. सबसे मजबूत तीसरा ही निकला. हम सोच ही रहे थे कि ये किसका कमाल है."

अच्युतरावांनी क्षणाचाही विलंब केला नाही. "काळाच्या पुढं पाहणारा माणूस!" ते गरजले. "तेव्हाच ज्यांना हे कळलं होतं, त्या दिवाकररावांसाठी जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेनं तर उभं राहून वाजवल्या, कारण आता प्रत्येकाचं तुळशीवृंदावन पवित्र झालं होतं. दिवाकररावांनी कपाळ पुसलं. पाठ हळूहळू ताठ झाली. छाती बाहेर आली. "आपल्याले अंदाज होताच," ते म्हणाले, आणि मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी ते त्यांना खरं वाटलं.

विजयाबाई पायऱ्या चढून वर आल्या तेव्हा लोकांनी त्यांना वाट करून दिली. पदर वाळूनं माखलेला, हेल्मेट हातात, चेहरा लाल. पण बाई ताठ चालत होत्या. एवढी ताठ चालताना पाऱ्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पेपरवाले पुढं सरसावले. दिवाकररावांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक तिच्या तोंडापुढं धरला.

"सांग, विजया, सांग लोकाइले," ते म्हणाले. "कसं वाटलं?"

विजयाबाईंनी माईककडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"तुम्हाले चाळीस वर्षं वाटत होतं पूल पडन म्हणून," त्या म्हणाल्या. "अन् मले खाली पाठवलं."

दिवाकररावांचा हात खांद्यावरून खाली आला.

"थांबवा थांबवा म्हणून साऱ्या गावाले सांगत होते तुम्ही. मले सगळं ऐकू येऊन राहिलं होतं. मी पायऱ्याइकडे पाहात होती." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "तुम्ही मले घ्यायले खाली काहून नाई आले?"

अच्युतरावांनी माईकसाठी पुढं केलेला हात तसाच राहिला. दिवाकररावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली. इतक्या वर्षांत हा माणूस कुठल्याच प्रश्नाला अडला नव्हता, आणि याही प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं.

"अगं, मी माईकवर होतो ना," दिवाकरराव म्हणाले, आणि तेही दोन्ही काठांवर स्पष्ट ऐकू गेलं.